देखाव्यासाठी उजळणारी तलवार : पहिलीच खटपट, सल्ला पाहिजे

गोदाकाठ (परभणी)

राम राम मंडळी.

आमच्या गल्लीतलं नवरात्र मंडळ औंदा सजीव देखावा करायलंय. प्रसंग ठरलेला : आई तुळजाभवानी महाराजांना तलवार देते. पोरांची मागणी अशी की देवीनं तलवार पुढं केली की मंडपातली लाईट घालवायची आणि तलवार मुठीपासून टोकापर्यंत केशरी उजळत जायची. तशीच उजळलेली तलवार महाराजांनी हातात घेऊन वर उचलायची.

काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मोटार रिवाइंडिंग करतो. गल्लीच्या हिशोबानं ज्याला मोटार येते त्याला विजेचं सगळंच येतं. सोल्डरिंग करतो, मीटर वापरतो, पण प्रोग्रॅमिंगला कधी हात लावलेला नाही. ऑनलाइन व्हिडिओ भरपूर आहेत, पण ते सगळे गोल नळीच्या परदेशी तलवारींचे. आम्हाला नळी नको, पातं पाहिजे. वर्गणीतून दोन हजारापर्यंत मिळतील.

कुठून सुरुवात करू?

मोंढा_नाका (परभणी)

लाईट घालवायची काळजी करू नका. तेवढं आपल्याकडं आपोआप होतं.

कथील (नांदेड)

दादा, मोटार भरणाऱ्याला हे अवघड नाही. आधी पट्टीचं बघू.

एलईडी पट्ट्यांच्या तुमच्या कामाच्या दोन जाती. साधी पट्टी एकदम पेटते, एकदम विझते. दुसरी डब्ल्यूएस२८१२बी. हिच्या प्रत्येक दिव्याच्या पोटात बारकी चिप असते, त्यामुळं प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येतो. मुठीपासून टोकाकडं उजळत न्यायचं म्हटलं की हीच लागणार. तारा तीनच : पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटा त्या बाणाच्या दिशेनंच जातो. उलट्या टोकाला जोडलं तर एकही दिवा लागत नाही आणि माणूस पट्टी खराब म्हणून फेकून देतो.

मीटरला ३०, ६० आणि १४४ दिव्यांच्या पट्ट्या मिळतात. दुधी अ‍ॅक्रिलिकच्या आड ठिपके दिसू नयेत असं वाटत असेल तर दिवा आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढी जागा पाहिजे. ६० च्या पट्टीत ते अंतर साधारण १७ मिलिमीटर, १४४ च्या पट्टीत ७. पातं पातळ ठेवायचं तर १४४ घ्या.

आता तोटा. पातं ७५ सेंटीमीटर धरलं तर १०८ दिवे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. म्हणजे साडेसहा अँपिअर झाले. मुठीतल्या एका सेलमधून एवढं ओढायचा विचारही नको.

रंगपट (लातूर)

मी हौशी नाटकांचं नेपथ्य करतो, म्हणून वेगळ्या बाजूनं बोलतो. तुमचा प्रेक्षक वीस-पंचवीस फुटांवर बसणार. अंधारात त्याला पात्याची कड आणि रंग दिसतो, ठिपके दिसत नाहीत. साधी पट्टी, एक बटण, मुठीतून निघालेली वायर बाहीतून कमरेला, कमरेला बॅटरी. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. मंडळाच्या देखाव्याला प्रोग्रॅम कशाला?

गोदाकाठ

काका, बाहीतून वायर नेली तर देवी तलवार देणार कशी? वायर देवीच्या कमरेला आणि तलवार महाराजांच्या हातात!

रंगपट

हे मात्र खरं. तलवार हात बदलणार असेल तर सगळं तिच्याच पोटात बसलं पाहिजे. मग तुमचा खरा प्रश्न दिव्यांचा राहिलाच नाही. प्रश्न मुठीचा आहे. आपल्याकडची जुनी तलवार हातात घेऊन पाहिलीय का? मूठ एवढी आखूड की चार बोटं जेमतेम मावतात. ती परदेशी नळीची तलवार दोन हातांनी धरायची असते, तिच्या दांड्यात हवं ते कोंबता येतं. इथं ती सोय नाही. पट्टी मागवायच्या आधी मुठीचं माप घ्या.

गोदाकाठ

शेजारच्या वाड्यात दसऱ्याला पुजतात ती तलवार मोजून आलो. पकड साडेआठ सेंटीमीटर. खाली थाळीसारखी चकती आहे. बोटांवरून परज, म्हणजे बोटं वाचवणारी कड, गेलीय.

बालाघाटी (बीड)

पण मुळात भवानी तलवार वक्र होती की सरळ? सातारची खरी की लंडनमधली? ते ठरल्याशिवाय प्रतिकृती करणं म्हणजे

संपादक

त्यावर वेगळा धागा आहे, आठवड्याला एकदा वर येतो. कृपया तिथं.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

वाळूजला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात आहे, साइनबोर्डवाल्यांशी रोजचा संबंध. तुम्ही दुधी पत्र्याच्या मागं लागू नका. दुकानांच्या काउंटरवर काचेसारखी पाटी असते, खालून दिवा आणि फक्त कोरलेली अक्षरं उजळतात, ती पाहिली असेल. तीच युक्ती इथं वापरायची.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या कडेतून प्रकाश आत सोडला की तो आतल्या आत आपटत राहतो, बाहेर पडत नाही. जिथं पृष्ठभाग खरवडलेला असेल तिथूनच बाहेर येतो. म्हणून १० मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं पातं कापून घ्या. दोन्ही बाजूंना ४०० नंबरचा पॉलिशपेपर एकाच दिशेनं लांब लांब फिरवा. पातं दिवसा धुरकट दिसेल आणि रात्री सगळंच्या सगळं पेटेल. मधोमध नाळ (पात्यावरची लांब खाच) किंवा देवीचं नाव ठळक पाहिजे असेल तर तेवढं लेझरनं कोरून घ्या, ते जास्त उजळेल.

दिवे मुठीकडून नको. लांब पात्यात प्रकाश टोकापर्यंत जाताना मरतो, शिवाय तुमचा उजळत जायचा परिणामही मिळणार नाही. पट्टी पात्याच्या पाठीला, म्हणजे धार नसलेल्या बाजूला, पूर्ण लांबीभर लावा. तोंड आत धारेकडं. पातं चार सेंटीमीटर रुंद असेल तर प्रकाशाला मिसळायला भरपूर जागा मिळते, त्यामुळं ६० ची पट्टी पुरते. १०८ च्या जागी ४५ दिवे. कथील यांनी सांगितलेले साडेसहा अँपिअर पावणेतीनवर आले.

पाठीला लागून पहिले एक-दीड सेंटीमीटर ठिपके दिसतीलच. त्यावर सरकत्या खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम विकणाऱ्याकडून यू चॅनल आणा. आतून १२ मिलिमीटर रुंद आणि बाजू सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल असेल तर पट्टी आणि पात्याची पाठ दोन्ही आत बसतात आणि ठिपके झाकले जातात. पात्याला ताठपणा येतो तो वेगळाच. फक्त चॅनल घरी वाकवता येत नाही, म्हणून सरळ पातं करा. मराठ्यांची धोप तलवार सरळच असते, इतिहासवाल्यांनाही बोलायला जागा नाही.

बालाघाटी

जागा आहे, पण संपादक बोलू देत नाहीत.

कथील

हिमरूताईंची कल्पना माझ्यापेक्षा सरस आहे. त्यात आणखी एक फायदा आहे. तुम्हाला केशरी पाहिजे ना? केशरी म्हणजे लाल पूर्ण आणि हिरवा थोडा, निळा शून्य. निळ्या दिव्याला पेटायला तीन व्होल्टच्या वर लागतात, लालला दोनच्या आसपास. सेल उतरत आला किंवा पट्टी लांब झाली की आधी निळा मरतो, म्हणून पांढरी तलवार टोकाकडं पिवळट पडते. केशरीला तो रोगच नाही. लिथियमचा एक सेल ४.२ पासून ३.७ व्होल्टपर्यंत उतरला तरी रंग तोच राहील, आणि पाच व्होल्ट करून देणारा बूस्टर बसवायचीही गरज नाही.

हिशोब : लाल २० मिलिअँपिअर, हिरवा तिसऱ्या हिश्श्यानं म्हणजे सहा-सात. ४५ दिव्यांचे सव्वा अँपिअरच्या आत. ब्राइटनेस निम्मा ठेवला तरी अंधारात डोळे दिपतील, म्हणजे सहाशे मिलिअँपिअर. २५०० मिलिअँपिअर-तासाचा एक सेल देखाव्याची रात्र आरामात काढतो.

हिमरू

आता मूठ, म्हणजे रंगपट काकांचा मुद्दा. लिथियमचा १८६५० सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. होल्डरसकट साडेसात सेंटीमीटर होतो. तुमची पकड साडेआठची. म्हणजे पकडीत सेल आणि फक्त सेलच. होल्डरची रुंदी आत मावेल असा पाइप घ्या, वरून सुती दोरी गुंडाळून पकड तयार करा. मेंदू खालच्या चकतीत जाईल. पूजेच्या दुकानातून दोन लहान पितळी वाट्या आणा, तोंडाला तोंड लावून बसवा, मधल्या पोकळीत डिजिस्पार्क नावाचा, प्रोग्रॅम टाकायचा बोर्ड राहतो. अडीच सेंटीमीटर लांब, दोनपेक्षा कमी रुंद, ४५ दिवे सहज सांभाळतो. तुमचा बोर्ड थेट सेलवर चालणार, म्हणून प्रोग्रॅम टाकताना घड्याळ ८ मेगाहर्ट्झ निवडा. कमी व्होल्टला १६ वर त्याचा भरवसा नाही. पितळ वीज वाहतं, आतून जाड इन्सुलेशन टेपचा थर द्याच.

चार्जिंगचं टीपी४०५६ मॉड्यूल पात्याच्या मुळाशी, परजेच्या आत. सहा टोकं असलेलं घ्या, त्यावर सेलचं संरक्षण असतं. चार टोकांच्या मॉड्यूलवर नसतं.

मोंढा_नाका

एवढं कराया लाले तर आवाज पण टाका की. फिरवली की खणखण.

रंगपट

साउंडवाला बसलाय ना तिथं? त्याला खूण द्या. शंख त्याच्या खोक्यातून जेवढा घुमेल तेवढा मुठीतल्या बारक्या स्पीकरमधून घुमणार नाही. आणि जागा कुठाय?

गोदाकाठ

सामान कुठून आणू? इथं साध्या पट्ट्या मिळायल्या, या चिपवाल्या नाहीत.

कथील

ऑनलाइन मिळतात. हैदराबादला कोणी जाणारं असेल तर कोटीतल्या गुजराती गल्लीत सगळं एका फेरीत होतं. पुण्याला तपकीर गल्ली.

सेल मात्र जपून घ्या. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले स्वस्त सेल सर्रास विकले जातात. या आकारात नेहमी मिळणाऱ्या चांगल्या सेलची मजल ३५०० च्या आसपास जाते. वर कितीही छापा. ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. फारच हलका लागला तर परत करा. आणि मोटारवाल्या हाताला सवय असते म्हणून मुद्दाम सांगतो : सेलवर थेट सोल्डर मारायचा नाही. उष्णतेनं आतलं बिघडतं. होल्डर वापरा.

पट्टी "विझलेली" असली तरी तिच्या चिपा जाग्याच असतात, दिव्यामागं एक मिलिअँपिअर जवळपास जातोच. बोर्डचं धरून दोन दिवसांत सेल बसेल. म्हणून उजळायचं बटण वेगळं आणि सेल तोडायचा मुख्य स्विच वेगळा.

बालाघाटी

इतिहास नाही, कायदा सांगतो, चालेल ना संपादक? चॅनल, परज काहीही असो, पातं लोखंडाचं करू नका आणि टोक गोल ठेवा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये, जी वस्तू खेळणं सोडून दुसरं काही होऊच शकत नाही ती शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवलीय. अ‍ॅक्रिलिकचं पातं त्यात बसतं. पोरांनी हौसेनं लोखंडी पट्टी बसवली तर ते बोलणं तुम्हाला बंदोबस्तातल्या हवालदाराशी करावं लागेल, मिरवणुकीच्या ऐन गर्दीत.

रंगपट

आणि हिनं लढायचं नाही. अ‍ॅक्रिलिक फुटलं की धारदार तुकडे होतात. लढाईचा प्रवेश असेल तर सनबोर्डाची दुसरी तलवार करा, अंधारात बदलायची.

गोदाकाठ

मंडळी, पातं तयार झालं. फ्लेक्सवाल्यानं लेझरनं कापून दिलं, त्याच्याकडंच पॉलिशपेपर मारला. नुसतं पातं साडेतीनशे ग्रॅम भरलं, हातात बरं वाटतं. काळोख्या खोलीत मोबाईलचा टॉर्च पाठीला लावून पाहिला तर खरवडलेली रेघ न् रेघ उजळली. आई म्हणाली, ह्यालाच हळद-कुंकू लाव.

आता अडचणी दोन. प्रोग्रॅममध्ये केशरी लिहिलं तर तलवार पोपटी पेटायलीय. आणि लॅपटॉपच्या वायरवर दिवे नीट चालतात, सेलवर टाकलं आणि चाचणीचा पांढरा लावला की सगळं विझतं, पाच-सहा सेकंद काळोख, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हिमरू

पोपटी सोपं आहे. या पट्टीला रंगांचा क्रम आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा लागतो. प्रोग्रॅममध्ये लाल-हिरवा-निळा असेल. तुमचा पूर्ण लाल हिरव्याला गेला आणि थोडा हिरवा लालला. वरच्या ओळीत क्रम बदला, एकदाच.

कथील

दुसऱ्याचं निदान तुम्हीच लिहिलंय : पाच-सहा सेकंद काळोख. डिजिस्पार्क सुरू झाला की आधी पाच सेकंद नवा प्रोग्रॅम येतोय का म्हणून वाट बघतो. म्हणजे तुमचा बोर्ड रीसेट व्हायलाय. पांढऱ्यावर ४५ दिवे पावणेतीन अँपिअर ओढतात, टीपी४०५६ वरचं संरक्षण साधारण तीनला तोडतं, आणि तोडलं नाही तरी पातळ वायरीत व्होल्टेज पडतंच. कोणती वायर वापरलीत?

गोदाकाठ

जुन्या चार्जरची केबल सोलून आतली.

कथील

ती केसाएवढी असते हो. सेलपासून पट्टीपर्यंत निदान अर्धा चौरस मिलिमीटर तांबं घाला, तुमच्या दुकानात भरपूर पडलेलं असेल. पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ध्रुव बघून. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर. पांढरी चाचणी कायमची काढून टाका, तुम्हाला पांढरा लागतोच कुठं?

हिमरू

आणि त्या पाच सेकंदांचं नियोजन करा. मुख्य स्विच पडद्यामागं, देवी चौरंगावर बसायच्या आधीच चालू. रंगमंचावर फक्त अंगठ्याखालचं बटण.

तलवार चिकटवायला फेविक्विक वापरू नका, अ‍ॅक्रिलिकवर पांढरी धूळ बसल्यासारखा डाग उठतो आणि जात नाही. साइनबोर्डवाले क्लोरोफॉर्म लावतात, ते त्यांच्याकडूनच उघड्यावर करून घ्या. चॅनलला बारके स्क्रू बरे, उद्या पट्टी बदलावी लागली तर उघडता येतं.

गोदाकाठ

मोटारीच्या लीडची वायर घातली, चाललं! काल मंडपात तालीम झाली. मुठीतून उजेड निघून टोकाला जायला पावणेदोन सेकंद लागतात. मी झटपट ठेवलं होतं, पण देवीचं काम करणारी पोरगी म्हणाली, दादा, एवढ्या वेळात हातसुद्धा पुढं होत नाही. म्हणून प्रत्येक दिव्यामागं ४० मिलिसेकंद केले. महाराज झालेल्या पोरानं तलवार वर उचलली तेव्हा त्याचा चेहरा केशरी झाला. ते आम्ही कोणी ठरवलं नव्हतं. आता मेकअपवाला म्हणतो, मी दाढीचा रंग बदलतो.

खर्च दोन हजाराच्या थोडा वर गेला. अध्यक्ष फरक देतो म्हणालेत, म्हणजे तो मीच सोसायचा.

रंगपट

चेहऱ्यावर उजेड येतोय तर महाराजांनी तलवारीकडं बघायचं, प्रेक्षकांकडं नाही. आणि पात्याची सपाट बाजू प्रेक्षकांकडं, पाठ स्वतःकडं. उलटी धरली तर प्रेक्षकांना नुसतं अ‍ॅल्युमिनियम दिसेल. मुठीवर अंगठ्याच्या जागी दोरीची एक गाठ ठेवा, काळोखात पोराला चाचपून कळेल कुठली बाजू कुठं.

मोंढा_नाका

कोणत्या दिवशी आहे देखावा? घरच्यांना घेऊन यायलो.

गोदाकाठ

अष्टमीला, आरतीनंतर. काका, गाठ बांधली. शेवटचं विचारतो : नवरात्र झाल्यावर वर्षभर तलवार मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत राहणार. उन्हाळ्यात ती खोली भट्टी असते. काही बिघडेल का?

कथील

तलवार राहू द्या, सेल काढून घरी आणा. पूर्ण भरून ठेवायचा नाही, पूर्ण उतरवूनही नाही. मीटरवर ३.८ व्होल्टच्या आसपास आला की थांबवा, दोन्ही टोकांना टेप लावा आणि गार जागी ठेवा. अधूनमधून मोजत जा. अ‍ॅक्रिलिकवर पुढच्या वर्षी धूळ बसली असेल तर ओल्या सुती फडक्यानं पुसा, थिनर किंवा स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात.